गोसेवेचा जमाखर्च मांडणारे जमनालालजी

गाईविषयी आपल्या समाजात पुष्कळ बोलले जाते. परंतु तिच्या वैरणीचा खर्च कोणी सोसावयाचा, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. गोंदिया जिल्ह्यासारख्या धानाच्या मुलखात, दोन एकरांच्या बांध्यांवर गुजराण करणाऱ्या आणि नांगराला निकामी झालेला म्हातारा बैल दावणीला बांधून ठेवणाऱ्या शेतकऱ्यापुढे हा प्रश्न रोजच उभा असतो. दिवसाला ५ ते ६ किलो कोरडी वैरण धरली, तरी अशा एका जनावराला वर्षाकाठी सुमारे २० क्विंटल वैरण लागते. ती तणस त्याने कामाच्या जनावराच्या तोंडून काढावयाची, की विकत आणावयाची? भूतदया हा मोठा धर्म खरा. परंतु त्या धर्माचे देणे समाजातील सर्वांत दुबळ्या माणसाच्या नावे मांडले जात असेल, तर त्या हिशेबात कोठे तरी चूक आहे, असेच म्हणावे लागेल.

ही चूक ओळखून हिशेब नव्याने मांडण्याचा एक गंभीर प्रयत्न याच विदर्भात, गोंदियावरून जाणाऱ्या हावडा-मुंबई लोहमार्गावरील वर्धा या गावी, ८० वर्षांहून अधिक काळापूर्वी झाला. तो करणारा पुरुष पशुवैद्य नव्हता, अर्थशास्त्राचा पंडितही नव्हता. तो कापसाचा व्यापारी होता. शेठ जमनालाल बजाज यांचे नाव आज उद्योगसमूहामुळे घरोघरी ठाऊक आहे. गांधीजींचे पाचवे पुत्र म्हणूनही त्यांचा उल्लेख होतो. परंतु आयुष्याच्या अखेरच्या काही महिन्यांत त्यांनी जे काम अंगावर घेतले, त्याचे मर्म फारसे कोणी समजून घेतलेले नाही.

दत्तक वारस आणि विश्वस्त

जमनालालजींचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ रोजी राजस्थानातील सीकरजवळच्या काशी का बास या लहानशा खेड्यात झाला. घरची स्थिती बेताचीच होती. वर्ध्याचे धनाढ्य व्यापारी शेठ बच्छराज यांनी त्यांना लहानपणीच नातू म्हणून दत्तक घेतले आणि राजस्थानच्या वाळवंटातील हा मुलगा वऱ्हाडालगतच्या कापूसपट्ट्यात येऊन दाखल झाला. शालेय शिक्षण थोडेच झाले. पुढील शिक्षण पेढीवर, रोजमेळ आणि खतावणी यांच्या सहवासात झाले. १९०२ मध्ये जानकीदेवींशी त्यांचा विवाह झाला.

वयाच्या १७ व्या वर्षी घडलेला एक प्रसंग त्यांच्या पुढील आयुष्याची दिशा सांगणारा आहे. एका लग्नसमारंभास जाताना अंगावर दागिने घालण्यास त्यांनी नकार दिला. आजोबा संतापले आणि संपत्तीवरून टोचून बोलले. तरुण जमनालालांनी त्या संपत्तीवरील आपला सर्व हक्क लेखी सोडून दिला आणि घर सोडले. पुढे समेट झाला. बच्छराजांच्या मृत्यूनंतर पेढीही त्यांच्याकडेच आली. परंतु जी संपत्ती आपण एकदा सोडून दिली ती पुन्हा आपली कशी मानावयाची, हा पेच त्यांच्या मनातून गेला नाही. आपण धनाचे मालक नसून राखणदार आहोत, ही भावना गांधीजींचा विश्वस्तवृत्तीचा विचार कानी पडण्यापूर्वीच त्यांच्या ठिकाणी रुजलेली होती.

सरकारदरबारी त्यांना मान मिळाला. ते मानसेवी दंडाधिकारी झाले, रायबहादूर झाले. १९१५ मध्ये गांधीजी भारतात परतल्यावर त्यांच्याशी संबंध आला आणि १९२० च्या नागपूर काँग्रेसच्या वेळी, स्वागताध्यक्ष असलेल्या या तरुण व्यापाऱ्याने आपल्याला पुत्र मानावे, अशी विनंती महात्माजींना केली. असहकारितेच्या लाटेत रायबहादुरी परत गेली. काँग्रेसचे खजिनदारपद त्यांच्याकडे आले. १९२१ मध्ये वर्ध्याला सत्याग्रहाश्रम निघाला आणि त्यासाठी विनोबा भावे तेथे आले. १९२३ च्या नागपूरच्या झेंडा सत्याग्रहात जमनालालजींना कारावास झाला. १९२८ मध्ये त्यांनी वर्ध्याचे आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्यांना खुले केले. स्वजातीचा रोष त्यांनी पत्करला. मंदिराचे दार मात्र पुन्हा बंद केले नाही. १९३४ नंतर गांधीजी वर्ध्यास आले, तेव्हा ग्रामोद्योगासाठी मगनवाडीची जागा जमनालालजींनीच दिली. १९३६ मध्ये शेगाव, म्हणजेच पुढचे सेवाग्राम, वसले तेही त्यांच्याच आधाराने.

दुष्टचक्राचा शोध

गोसेवेकडे ते वळले ते आयुष्याच्या उतरणीवर. परंतु त्या कार्याची वैचारिक बैठक त्यापूर्वीच्या दीड तपात तयार होत आली होती. १९२४ च्या डिसेंबरात बेळगाव काँग्रेसच्या वेळी भरलेल्या गोरक्षा परिषदेचे अध्यक्षपद गांधीजींनी स्वीकारले. पुढील वर्षी अखिल भारतीय गोरक्षा मंडळ निघाले आणि १९२८ मध्ये त्याचे गोसेवा संघात रूपांतर झाले. नावातील हा बदल केवळ शाब्दिक नव्हता. रक्षण या शब्दात रोख दुसऱ्यावर असतो. सेवा म्हटली की जबाबदारी आपल्यावर येते. १९२७ मध्ये प्रकृतीच्या कारणाने म्हैसूर संस्थानात राहिले असता गांधीजींनी बंगलोरच्या सरकारी दुग्धसंस्थेत जाऊन गोपालनाचे शास्त्र समजून घेतले, ते याच दृष्टीने.

त्याच सुमारास लॉर्ड लिनलिथगो यांच्या अध्यक्षतेखालील शेती आयोगाने १९२८ च्या आपल्या अहवालात भारतीय पशुधनाच्या दुःस्थितीचे एक दुष्टचक्र दाखवून दिले होते. जनावरे दुबळी असल्यामुळे शेतीच्या कामाला ती अधिक संख्येने ठेवावी लागतात. संख्या वाढली की प्रत्येकाच्या वाट्याला वैरण कमी येते. वैरण कमी पडली की पुढची पिढी अधिकच दुबळी निपजते. म्हणजे गाईची आबाळ ही केवळ कसायाच्या सुरीमुळे होत नाही. ती दावणीलाच, हळूहळू आणि भाविकांच्या डोळ्यांदेखत होत असते. उपासमारीने खंगणारी गाय कायद्याच्या दृष्टीने सुरक्षित असते, एवढेच.

मारवाडी व गुजराती व्यापारी समाजात पांजरपोळाची परंपरा जुनी. बाजारातील व्यवहारावर धर्मादाय म्हणून काही रक्कम कापावयाची आणि तिच्यातून लुळ्यापांगळ्या जनावरांचे पालन करावयाचे, ही ती पद्धत. जमनालालजी याच परंपरेत वाढले होते. परंतु व्यापाऱ्याच्या डोळ्यांना या संस्थांचा दोषही दिसत होता. तेथे पैसा येत असे, पुण्यही लाभत असे. मात्र पैदाशीचे शास्त्र, वैरणीचे नियोजन आणि रोगप्रतिबंध यांचा बहुधा अभाव असे. देणगीवर काही शेकडा गुरे जगतील. देशातील कोट्यवधी गुरे जगावयाची तर ती ज्याच्या गोठ्यात आहेत त्या शेतकऱ्याला परवडलीच पाहिजेत. हा साधा सिद्धान्त गोसेवा संघाच्या कार्यक्रमाचा पाया होता.

गोपुरीतील झोपडी

१९४१ मध्ये वैयक्तिक सत्याग्रहातील तुरुंगवासातून प्रकृती ढासळल्यामुळे सुटल्यावर जमनालालजींचे मन राजकारणात रमेना. मनाला शांती देईल असे काम त्यांना हवे होते. गांधीजींनी गोसेवेचे काम सुचविले आणि त्यांनी ते स्वीकारले. गोसेवा संघाची नव्याने उभारणी झाली. वर्ध्याजवळ नालवाडीच्या शेजारी गोपुरी येथे एक झोपडी बांधून हा लक्षाधीश तेथे राहावयास गेला.

संघाच्या सदस्यांनी गाईचेच दूध-तूप वापरावे आणि चामडे वापरावयाचे तर ते नैसर्गिकरीत्या मेलेल्या जनावराचेच असावे, असे व्रत होते. वरवर पाहता हे सोवळे-ओवळे वाटेल. अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहिले म्हणजे त्यातील मर्म ध्यानात येते. दुधाची किंमत स्निग्धांशावर ठरते, तेव्हा बाजार म्हशीच्या बाजूने झुकतो. गाईच्या दुधाला गिऱ्हाईक मिळाले नाही तर शेतकरी तिला केवळ बैलाची आई म्हणून अर्धपोटी ठेवतो. त्या दुधाला हमखास मागणी निर्माण करणे म्हणजे गाईच्या वैरणीची तजवीज करणे होय. कायद्याची वाट न पाहता ग्राहकाने आपल्या खिशातून गाईचा खर्च उचलावा, असा त्या व्रताचा अर्थ होता.

म्हशीविषयीच्या भूमिकेमागेही असाच हिशेब होता. कापसाच्या काळ्या, कोरड्या जमिनीत रेड्याला काम नाही. म्हणून म्हशीचे नर वासरू उपाशी मरू दिले जाते. गाईचा मात्र नर आणि मादी, दोन्ही कामाचे. वर्धा, नागपूर आणि लगतच्या बालाघाट-शिवनी भागात आढळणारी गवळाऊ जात अशीच, चपळ बैल आणि बऱ्यापैकी दूध देणारी. तिची सुधारणा हे वर्ध्याच्या कार्यकर्त्यांचे एक उद्दिष्ट राहिले. हा युक्तिवाद सर्वत्र सारखाच लागू पडतो असे मात्र नाही. पूर्व विदर्भातील धानाच्या बांध्यांत चिखलणीसाठी रेडाच उपयोगी पडतो. वर्ध्याचे गणित गोंदियाला जसेच्या तसे लागू करता येत नाही, हे सांगितले पाहिजे. पशुधनाचे अर्थशास्त्र हे माती आणि पीक यांच्यापासून अलग काढता येत नाही.

मेलेल्या जनावराचा प्रश्न

या हिशेबातील सर्वांत धीट रक्कम होती ती मेलेल्या जनावराची. जनावर कसायाला विकले तर पैसे मिळतात. गोठ्यात मेले तर काहीच मिळत नाही. हे अंतर कमी करावयाचे तर मृत जनावराचे कातडे, हाडे, शिंगे यांचे योग्य मोल झाले पाहिजे. त्यासाठी नालवाडीला चर्मालय उघडण्यात आले आणि गोपाळराव वाळुंजकरांसारख्या उच्चवर्णीय कार्यकर्त्याने ते काम हाती घेतले. गाईला माता म्हणणाऱ्या समाजाने तिच्या मृत देहाला हात लावणाऱ्याला अस्पृश्य ठरविले होते. त्या दांभिकतेवर चर्मालयाने कृतीनेच बोट ठेवले.

तथापि, हा प्रश्न दुसऱ्या बाजूनेही पाहिला पाहिजे. १९२७ च्या मार्चमध्ये महाड येथे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत मांस खाण्याचे सोडून देण्याचे आवाहन आपल्या समाजाला केले होते. मेलेली ढोरे ओढण्याची सक्ती हा जातीच्या दास्याचा भाग होता आणि ती झुगारणे हा स्वाभिमानाचा पहिला धडा होता. वर्ध्याच्या कार्यकर्त्यांना त्या कामाला प्रतिष्ठा द्यावयाची होती. महाडच्या सत्याग्रहींना ते जन्माने लादले जाणे अमान्य होते. उच्चवर्णीयाला ते काम सोडून जाण्याची मोकळीक होती, इतरांना ती नव्हती. हा भेद लहान नाही. २०१६ मध्ये गुजरातेतील उना येथे मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना झालेली मारहाण पाहता, चर्मालयाने उपस्थित केलेला प्रश्न अद्याप सुटलेला नाही, हेच दिसून येते.

१ फेब्रुवारी १९४२ रोजी वर्ध्यास गोसेवा परिषद भरली. गांधीजींनी मार्गदर्शन केले आणि कामाला वेग येणार असे दिसू लागले. परंतु त्यानंतर अवघ्या १० दिवसांनी, ११ फेब्रुवारी १९४२ रोजी, मेंदूतील रक्तस्रावाने जमनालालजींचे अकस्मात निधन झाले. त्यांचे वय ५२ वर्षांचे होते. जानकीदेवींनी पतीच्या मागे गोसेवेचे व्रत घेतले आणि संघाची धुरा सांभाळली. वर्ध्याचे गोरस भांडार आणि तेथील गोरसपाक या परंपरेची आठवण आजही देतात.

उरलेला हिशेब

या कार्याचे मूल्यमापन करताना भक्तिभाव बाजूला ठेवावा लागेल. जमनालालजींना या कामासाठी जेमतेम काही महिने मिळाले. व्रतस्थ ग्राहकांची संख्या कधीच बाजाराला वळण देण्याइतकी झाली नाही. १९७० नंतरच्या दुग्धक्रांतीत म्हैस आणि संकरित गाय यांनीच बाजी मारली. १९६० च्या दशकात गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर यांनी वेगळाच निष्कर्ष काढला होता: निरुपयोगी गुरांची संख्या कमी केल्यावाचून उरलेल्या गुरांचे पोषण सुधारणार नाही. जमनालालजींची श्रद्धा आणि दांडेकरांचे गणित यांचा मेळ सहजासहजी बसत नाही. परंतु एका मुद्द्यावर दोघांचीही साक्ष एकच आहे. जनावर जगवावयाचे, तर वैरण कोठून यावयाची ते प्रथम सांगितले पाहिजे.

राज्यघटनेच्या ४८ व्या अनुच्छेदात दोन गोष्टी सांगितल्या आहेत. शेती व पशुसंवर्धन यांची आधुनिक आणि शास्त्रीय पद्धतीने उभारणी करणे ही पहिली. गाई, वासरे, दुभती व ओढकामाची जनावरे यांच्या जाती सुधारणे व त्यांच्या हत्येस बंदी घालणे ही दुसरी. आपल्या राज्याने १९७६ चा कायदा केला आणि २०१५ मध्ये त्याची व्याप्ती बैल व वळू यांच्यापर्यंत वाढविली. बंदीचा भाग असा तडीस गेला. शास्त्रीय उभारणीचा भाग मात्र मागेच रेंगाळला. म्हातारा बैल विकून येणाऱ्या रकमेत भर घालून नवा बैल घेण्याची शेतकऱ्याची जुनी रीत होती. ती वाट बंद झाली आणि तिच्या जागी दुसरी वाट काढून देण्यात आली नाही. त्याचा परिणाम अपेक्षित तोच झाला. २०१९ च्या पशुगणनेत देशातील गोवंश सुमारे १९ कोटी ३५ लाख भरला. मागील गणनेच्या तुलनेत माद्यांची संख्या सुमारे १८ टक्क्यांनी वाढली आणि नरांची मोठ्या प्रमाणावर घटली. महाराष्ट्रात एकूण गोवंशच सुमारे एक दशांशाने कमी झाला. देशात मोकाट गुरांची संख्या ५० लाखांवर भरली. ट्रॅक्टरने बैलाचे काम हिरावले हे खरे. परंतु ज्याचे काम गेले आणि ज्याची किंमतही गेली, ते जनावर शेतकरी कशाच्या बळावर पाळणार?

३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य शासनाने देशी गाईला राज्यमातेचा दर्जा दिला आणि गोशाळांतील देशी गाईंसाठी प्रतिदिनी ५० रुपयांचे अनुदान जाहीर केले. समाजाने खर्च उचलावा हे तत्त्व त्यात मान्य झाले, ही चांगलीच गोष्ट होय. परंतु ते अनुदान संस्थेला मिळते. स्वतःच्या गोठ्यात म्हातारी गाय सांभाळणाऱ्या शेतकऱ्याला त्यातील काही मिळत नाही. पांजरपोळाचा जो दोष जुन्या कार्यकर्त्यांनी ओळखला होता, त्याचीच ही नवी आवृत्ती ठरू नये.

सामुदायिक प्रयत्नांनी काय साधते, याचे उदाहरणही समोर आहे. ज्या बुळकांडीने गावेच्या गावे बैलांवाचून ओस पडत, ती लसीकरणाने नामशेष झाली. भारत २००६ मध्ये आणि सारे जग २०११ मध्ये त्या रोगातून मुक्त झाले. एका शेतकऱ्याने आपल्यापुरती लस टोचून हे घडले नसते. रोगप्रतिबंध ही सार्वजनिक वस्तू आहे; तिचा खर्च सार्वजनिक तिजोरीतूनच झाला पाहिजे. लाळ्या खुरकूत व सांसर्गिक गर्भपात यांच्या निर्मूलनासाठी २०१९ मध्ये १३,३४३ कोटी रुपयांची राष्ट्रीय योजना सुरू झाली, ती याच तत्त्वावर. २०२२ च्या लम्पी रोगाने महाराष्ट्रातील गोठ्यांवर जो घाला घातला, त्यानेही गावपातळीवरील पशुवैद्यकाची गरज पुन्हा दाखवून दिली.

गोंदिया जिल्ह्याची साधने तपासली तर निराश होण्याचे कारण नाही. येथे धानाची तणस आहे. ती निकस असली तरी प्रक्रियेने सुधारता येते. भातगिरण्यांचा कोंडा आहे, जवसाची पेंड आहे, धानामागून येणाऱ्या लाखोळीचे कुटार आहे, तलावांचे काठ आहेत. झाडीपट्टीत शंकरपटाची हौस आहे. २०१४ मध्ये बंद पडलेल्या त्या शर्यती २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने नियमांच्या चौकटीत कायम झाल्या. जनावरांचे हाल होऊ न देता त्या भरविल्या, तर उत्तम बैल पाळण्यास त्यातून थोडेफार प्रोत्साहनही मिळेल. उणीव आहे ती या सर्वांची एकत्र मांडणी करणाऱ्या दृष्टीची. वैरणपेढी, दुधाला वाजवी भाव, वेळेवर मिळणारा पशुवैद्य, मृत जनावराच्या विल्हेवाटीची सन्मान्य व कोणावरही न लादलेली व्यवस्था, आणि म्हाताऱ्या जनावरासाठी थेट शेतकऱ्याच्या हाती पडणारे साह्य, ही त्या मांडणीतील कलमे होत.

जमनालालजींच्या चरित्राचा हाच बोध घ्यावयाचा आहे. दान करणारे धनिक या देशात पुष्कळ झाले. आपल्या श्रद्धेला खतावणीवर उतरवून, तिची येणी कोणती आणि देणी कोणाची, हे तपासण्याचे धैर्य मात्र थोड्यांनीच दाखविले. पोळ्याच्या दिवशी बैलाच्या शिंगांना बेगड लावणाऱ्या गावाने उरलेल्या ३६४ दिवसांचा खर्चही वाटून घेतला पाहिजे, असेच त्यांच्या कार्याचे सांगणे आहे. तो खर्च वाटून घेण्याची तयारी नसेल, तर गाईविषयीच्या आपल्या पूज्यभावाची किंमत दोन एकरांचा शेतकरी आणि त्याच्या दावणीचे मुके जनावर हेच यापुढेही मोजत राहतील.